सतरा सुया

कानामागच्या मण्यानं सलग तिसऱ्यांदा दगा दिला, तेव्हा हेमांगी कणसेनं आधी मण्यालाच दोष दिला. काढला, पदरानं पुसला, फुंकर मारली, परत कानामागं बसवला. सकाळचे साडेदहा वाजले होते. साताऱ्यातल्या तिच्या पिको-फॉलच्या दुकानात मांडीवर शिर्केवहिनींची मोरपंखी साडी होती, हातात सुई होती आणि कानात रेवा गात होती. अंतरा संपला. रेवानं तो तिचा नेहमीचा छोटासा श्वास घेतला. हेमांगीनं डोळे मिटून आठवण लावली.

मणी गप्प.

आता हा मणी काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. पूर्वी गाणं किती चाललं हे ते किती वेळा वाजलं यावर ठरायचं. चाहत्यांना हे कळल्यावर ते थोडेच स्वस्थ बसणार? एकेका घरात सहा-सहा जुने फोन आवाज बंद करून कपाटात वाजत ठेवलेले असायचे. ऐकायला कोण, तर इस्त्रीचे कपडे. त्यावर कंपन्यांनी तोडगा काढला, तो हा हरभऱ्याएवढा कानमणी. मनाला भिडणारं काही ऐकलं की त्वचेखालचे बारीक स्नायू केसांची मुळं ओढतात, म्हणून अंगावर काटा येतो. घामाच्या ग्रंथी किंचित पाझरतात, त्यामुळं त्वचेतून वीज जरा सहज वाहते. नाडीचा एखादा ठोका मागंपुढं होतो. या तिन्ही गोष्टी कानामागच्या कातडीवरून वाचता येतात. तिन्ही एकदम घडल्या की मणी 'टिक' करतो आणि त्या गाण्याच्या नावावर एक शहारा जमा होतो. एका माणसाचे दिवसाला सहाच धरायचे, असा नियम. दर रविवारी दुपारी शहारा-यादी लागायची आणि कुणाचं गाणं पहिलं ते देशाला कळायचं. रडण्याचं सोंग आणता येतं, पण ठरवून अंगावर काटा आणता येत नाही, असं मणी बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं.

ते खोटं पाडणारी बाई साताऱ्यात साड्यांना फॉल लावत बसली होती.

रेवा शिरगोपीकर ही अठ्ठावीस वर्षांची गायिका. आवाज गोड म्हणावा असा नाही. ओळीच्या शेवटी किंचित खरखरतो, जशी बोलता बोलता माणसाला आठवण यावी. तिच्या चाहत्यांच्या संघटनेचं नाव रेवाकाठ, आणि एकेक चाहता म्हणजे काठकर. चाळीस हजार काठकर होते, आणि पलटणीला लाजवेल अशी त्यांची शिस्त होती. कुणी कोणत्या वेळी ऐकायचं याच्या पाळ्या लागलेल्या. हेमांगीची पाळी साडेदहाची.

ती या सगळ्यात आली चार वर्षांपूर्वी, जयसिंग गेले तेव्हा. जयसिंग कणसे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. एका सकाळी डबा घेऊन गेले ते परत आले नाहीत. हृदय बंद पडलं. हेमांगी महिनाभर रडली नाही. मग दुकानात फोनवर आपोआप लागलेलं रेवाचं एक गाणं ऐकून जी रडली, ती गिऱ्हाईक समोर उभं असतानाही थांबेना. तिनं गाण्याखाली दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा माणसांची उत्तरं आली. सख्खे दीर तेराव्यानंतर फिरकले नव्हते, आणि ही कोण कुठली माणसं 'ताई, जेवलात का' विचारत होती. सोलापूरची परवीन तांबोळी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. ती तर रोज चार वाजता, चहाच्या वेळेला फोन करू लागली. तो फोन आजतागायत चुकला नव्हता. एका पुरात याच काठकरांनी पाळ्यांच्या यादीवरून नऊ तासांत सातशे माणसांचा ठावठिकाणा लावला होता. तेव्हा कुणी त्यांना रिकामटेकडे म्हटलं की हेमांगी चवताळायची, आणि तिचं चुकत नव्हतं.

युक्ती सापडली ती दीड वर्षापूर्वी. हेमांगीच्या लक्षात आलं की रेवाच्या श्वासाच्या जागी तिला हमखास सुया आठवतात, आणि हमखास मणी टिकटिकतो.

सुयांची गोष्ट अशी. एकवीस वर्षांपूर्वी तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस दवाखान्यात होती. घरी आली तेव्हा अंगात रक्त नाही, हात थरथरतायत, आणि लग्नसराईच्या साड्यांचा ढीग पडलेला. फॉलची हातशिलाई साडीच्या रंगाच्या दोऱ्यानं करायची असते. सुईत दोरा काही जाईना. तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तर आत जुन्या साडीच्या घडीवर ओळीनं सतरा सुया टोचलेल्या, प्रत्येकीत वेगळ्या रंगाचा दोरा ओवलेला. ग्रीसनं रेषा काळ्या झालेल्या त्या जाड बोटांनी. जयसिंग दारात उभे होते. एवढंच म्हणाले, "रंग चुकले असतील."

तिनं हे परवीनला सांगितलं, परवीननं आकडे तपासले आणि महिन्याभरात 'हेमाताईंची रीत' सगळ्या काठावर पसरली. आपली सगळ्यात जिवाची आठवण निवडा. श्वासाच्या जागी ती लावा. रोज तीच लावा, बदलू नका, म्हणजे शरीराला वळण लागतं. विरजण लावावं तशी माणसं आठवण लावू लागली. मण्याला काटा कळत होता, तो कशानं आला ते कळत नव्हतं. आणि यात खोटं काय होतं? काटा तर खराच होता.

रेवा यादीत वर चढत गेली. तिच्या कंपनीच्या करारात एक कलम होतं: सलग आठ आठवडे पहिली राहिली, तर तिची पहिली तेवीस गाणी, जी तिनं विशीच्या सुरुवातीला न वाचता सही करून देऊन टाकली होती, ती तिला परत मिळणार. सात आठवडे झाले होते. हा आठवा. आज गुरुवार होता.

हेमांगीनं मण्यातली बॅटरी बदलली. गाणं पुन्हा लावलं. डबा, घडी, सतरा सुया, दार, "रंग चुकले असतील." सगळं लख्ख दिसलं. झालं काहीच नाही.

दुपारी लेकीचा फोन आला. केतकी कराडला फिजिओथेरपिस्ट होती.

"आई, आज एक पेशंट आले होते, गॅरेजवाले. त्यांची बोटं बघून पप्पांच्या सुया आठवल्या गं."

"हं. सतरा होत्या," हेमांगी म्हणाली.

"तू ठीक आहेस ना?"

"का?"

"ही गोष्ट निघाली की तू दर वेळी नाक ओढतेस. आज नाही ओढलंस."

"सर्दी नाहीये मला," हेमांगी म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं हातातलं काम बाजूला सारलं. कारण लेक बरोबर बोलत होती. तिनं सतरा हा आकडा भाजीचा भाव सांगावा तसा सांगितला होता.

चारला परवीनचा फोन आला. चहाचा कप हातात घेऊनच हेमांगीनं सांगितलं, "परवीन, माझा मणी टिकटिकत नाही."

"तुमचा एकटीचा नाही, हेमाताई." परवीनचा आवाज बसला होता. "जुन्या काठकरांचे शहारे तीन आठवडे घसरतायत. नव्यांमुळं आपण तरलोय. मी सांगणारच होते. आणि एक पत्र आलंय, तुमच्या नावानं. वाचू?"

पत्र हिंगोलीच्या भालेरावांचं होतं, निवृत्त पोस्टमन. 'ताई, आईनं जत्रेत मला खांद्यावर घेतलं होतं, ती आठवण मी लावत होतो. आता जत्रा दिसते, खांदा दिसतो, आईही दिसते, पण कुणाची तरी आई बघावी तशी. रेवाताईंना कमी पडू देणार नाही, पाळी चुकवलेली नाही. फक्त विचारतो, हे परत येतं का?'

हेमांगीनं कप खाली ठेवला.

"असं का होतं?"

"मी मेंदूवर काम करणाऱ्या एका मैत्रिणीला विचारलं," परवीन म्हणाली. "आठवण ही काही डब्यात ठेवलेली वस्तू नसते, म्हणे. बाहेर काढली की ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होते आणि मेंदू ती नव्यानं बांधून परत ठेवतो. बांधताना त्या वेळी हाताशी जे असेल ते तिच्यात मिसळतं. वर्षातून दोन-चारदा काढली तर बिघडत नाही. आपण दिवसातून सहा वेळा काढतो. आणि मिसळतो काय, तर मणी, पाळी, आकडा. शिवाय काटा येतो तो थोडा तरी अवचितपणामुळं. रोज ठरल्या वेळी येणाऱ्या गोष्टीचं शरीराला काय अप्रूप?"

"एकाच जागी उसवून उसवून शिवलं की कापड विरतं," हेमांगी म्हणाली. "टाका घालायला जागाच उरत नाही."

"तेच."

"परत येतं का?"

"माहीत नाही. माणसांवर एवढं कुणी केलेलंच नाही. आपणच पहिले. ताई, सकाळी आम्ही अकरा संयोजक बोललो. तीन दिवस राहिलेत. सगळ्यांनी दुसरी आठवण लावायची, असं ठरतंय. नवी असली की चालते, आकडे सांगतात. पण ते तुमच्या नावानं जायला हवं. लोक तुमचंच ऐकतात."

हेमांगी म्हणाली, उद्या सकाळी सांगते.

तिच्याकडे दुसरी आठवण होती. जयसिंग गेले त्या सकाळची. दारातून परत फिरून ते काहीतरी बोलले होते. काय, ते इथं सांगायचं नाही, कारण तिनं ते कधी कुणालाच सांगितलेलं नाही. केतकीलाही नाही, परवीनलाही नाही. ती आठवणही ती स्वतः फार जपून काढायची, वर्षातून एकदा, त्यांच्या तिथीला.

शुक्रवारी दुकान उघडून तिनं मणी बसवला. लोकांना सांगायचं तर आधी आपण करून बघावं, हा तिचा स्वभाव. गाणं सुरू झालं. अंतरा आला. तिनं ती सकाळ उंबऱ्यापर्यंत आणली. जयसिंगांच्या हातात डबा होता. ते वळले. त्यांनी तोंड उघडलं, आणि तिच्या मानेवरचे केस हलू लागले. मण्याची टिक आता येणारच होती.

तिनं मणी ओढून काढला. इतक्या घाईनं, की कानामागं ओरखडा उठला. मणी बटणांच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं, आणि ती कितीतरी वेळ झाकणावर हात दाबून बसली. चोर घरात शिरता शिरता पकडावा तशी तिची छाती धडधडत होती, आणि चोर तीच होती.

मग तिनं फोन घेतला आणि चाळीस हजार माणसांना लिहिलं:

'मी हेमांगी कणसे. आठवण लावायची रीत मी काढली. ती चुकीची होती. रोज तीच लावा, हे तर फारच चुकीचं सांगितलं. माझ्या नवऱ्याची सगळ्यात चांगली आठवण माझ्याकडून विरून गेली आहे. तुमची उरली असेल तर आज थांबा. दुसरी लावू नका. गाणं ऐकून काटा आला तर येऊ दे, नाही आला तर नाही. भालेरावकाका, परत येतं का ते मला माहीत नाही. मला माफ करा.'

पुढं जे झालं ते व्हायचंच होतं. ज्यांनी चार वर्षं ताई म्हटलं, त्यांनी अर्ध्या तासात फितूर म्हटलं. कुणी लिहिलं, दुसऱ्या गायकाच्या चाहत्यांना विकली गेली. कुणी दुकानाचा पत्ता टाकला, आणि दुपारपर्यंत दुकानाच्या नावाखाली तीनशे शिव्या जमल्या. माणसं तीच होती, पुरात सातशे जणांना शोधणारी. तीच शिस्त, तोच वेग, फक्त तोंड आता तिच्याकडं होतं. मात्र त्याच गर्दीत कितीतरी जण काहीच न बोलता मणी काढून ठेवत होते. ते शिव्यांमध्ये दिसत नव्हते, आकड्यांत दिसत होते.

शनिवारी सकाळी तिला रेवाकाठातून काढलं. काढण्याचं बटण परवीननंच दाबलं. ते काम तिच्याकडं होतं.

त्याच दिवशी चार वाजता फोन वाजला.

"चहा घेतलात?" परवीननं विचारलं.

"ठेवलाय."

"दोन दिवस थांबला असतात तर, हेमाताई."

"दोन दिवसांत चाळीस हजार माणसांनी दुसरी आठवण काढली असती."

इकडं चहाला उकळी आली. मग परवीन म्हणाली, "मी अम्मीची लावत होते. तुम्हाला कधी बोलले नाही." आणि ती रडायला लागली. हेमांगीनं गॅस बंद केला आणि तिचं रडून होईपर्यंत ऐकत राहिली. चार वर्षांपूर्वी परवीननं तेच केलं होतं.

रविवारी दुपारी यादी लागली. रेवा चौथी.

तासाभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला, आणि पलीकडं ओळीच्या शेवटी खरखरणारा तो आवाज होता. चार वर्षं रोज कानात असलेला आवाज आपलं नाव घेतोय, हे हेमांगीला क्षणभर समजलंच नाही.

"ताई, मी रेवा. मला तुमचा खूप राग आलाय, ते आधी सांगते."

"यायलाच हवा," हेमांगी म्हणाली.

"माझी तेवीस गाणी गेली."

"हो, बाळ."

"तो श्वास आहे ना, अंतऱ्यानंतरचा. तिथं मला माझा भाऊ आठवायचा. लहानपणी गेला तो. म्हणून तिथं श्वास लागायचा. प्रत्येक कार्यक्रमात लोक त्या श्वासाची वाट बघायला लागले, तसा मी तो घेत गेले. आता नुसता श्वास घेते. दोन वर्षं झाली. मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. तुमचं वाचल्यावर कळलं."

हेमांगीनं विचारलं, "जेवलीस का?"

पलीकडं रेवा हसली की रडली ते नीट कळलं नाही. "नाही. जेवते आता," ती म्हणाली.

केतकी कराडहून आली ती तीनच्या सुमारास. आल्याबरोबर तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, आईच्या समोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सगळं वाचलं मी."

हेमांगी मांडीवरच्या साडीकडं बघत होती. "तुझ्या पप्पांची आठवण मी वापरून संपवली, केतकी. मला सगळं दिसतं, पण आत काही हलत नाही. चार माणसांत मिरवण्यासाठी नाही गं केलं. त्या पोरीची गाणी तिला मिळावीत म्हणून केलं. पण केलं मीच."

केतकी उठली. फळीवरून तो बिस्किटांचा डबा तिनं खाली घेतला. रंग उडालेला, कड वाकलेली. तो दोघींच्या मधे ठेवला, पण उघडला नाही.

"आई, तुला डबा उघडल्यानंतरचं माहीत आहे. त्याच्या आधीचं मला माहीत आहे. मी तिथं होते."

"तू नऊ वर्षांची होतीस."

"म्हणूनच दोरा थुंकीनं ओला करायचं काम माझ्याकडं होतं. पप्पांनी आधी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं, मग परत साबणानं. दोऱ्याला डाग लागू नये म्हणून. मग खिडकीत बसले. एकेका सुईला दहा-दहा मिनिटं. मधेच म्हणाले, इंजिन खोलणं सोपं आहे." केतकी हसली. "आणि सतरा नव्हत्या. अठरा होत्या."

"सतराच. मी कितीदा मोजल्यात."

"तू कितीदाही मोज. पांढरा नव्हता ना त्यात?"

हेमांगीनं मान वर केली. पांढरा नव्हता, हे खरं होतं. इतक्या वर्षांत ती ते विसरूनही गेली होती; आठवण लावताना ती फक्त असलेले रंग बघत आली होती. "मी त्यांना चिडवलं होतं तेव्हा," ती सावकाश म्हणाली. "सगळ्यात जास्त लागणारा तोच विसरलात, म्हटलं. तर हसले नुसते."

"विसरले नव्हते. पांढरा सगळ्यात पहिला ओवला होता. सगळ्या झाल्यावर ओळ बघत बसले आणि मग तीच सुई उपसून माझ्या हातात दिली. म्हणाले, ही लपव. आठ दिवस ती पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी बघून येतेय. घरी आल्या आल्या परत पांढरं नको तिच्या डोळ्यांसमोर."

शटरखालून येणारं ऊन फरशीवर पडलं होतं. बाहेर कुणीतरी स्कूटर लावत होतं.

"कुठं लपवलीस?" हेमांगीनं विचारलं.

"कॅलेंडरच्या मागं टोचली. मग विसरलेच. वर्ष संपल्यावर गेली असेल रद्दीत." केतकीनं आईकडं बघितलं आणि ती बोलायची थांबली. "आई, हात बघ तुझा."

हेमांगीनं बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत हातावरची बारीक लव उभी राहिली होती. मग ते मानेवर आलं, पाठीवरून खाली गेलं, आणि तिनं जोरात नाक ओढलं. मणी बटणांच्या डब्यात बंद होता. हा काटा कुणाच्या नावावर लागला नाही.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"परत सांग," ती म्हणाली. केतकीनं सांगायला तोंड उघडलं, तसा तिनं घाईनं लेकीच्या हातावर हात ठेवला.

"नको. आज नको. पुढच्या वर्षी सांग."